पट्टायाच्या किनाऱ्यावरचा लाकडी प्रासाद

थायलंडमधील पट्टाया शहराच्या उत्तरेला, नाक्लुआ भागात, समुद्रात थोड्या पुढे आलेल्या एका टोकावर 1981 पासून एक इमारत उभी राहत आहे. ती पायापासून कळसापर्यंत लाकडाची आहे, तिची उंची 105 मीटर आहे आणि तिच्या आतल्या व बाहेरच्या अंगावर कोरीव काम नाही अशी जागा शोधूनही सापडत नाही. थाई भाषेत तिला प्रासात सच्चथाम म्हणतात. आपले प्रवासी तिला ‘सँक्च्युअरी ऑफ ट्रूथ’ या नावाने ओळखतात. पट्टायाला जाणाऱ्या बहुतेक सहलींमध्ये या जागेला दीडेक तास मिळतो आणि मग बस पुढच्या ठिकाणी निघते. मला हा हिशेब मान्य नव्हता. माझे मामा कोकणातले सुतार. देवळांच्या मंडपांची आणि जुन्या घरांची लाकूडकामे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांना घेऊन जायचे, तर ही वास्तू सावकाश पाहायची आणि तिच्याकडे जाण्याआधी थाई लाकूडकामाची थोडी ओळख करून घ्यायची, असे आम्ही ठरवले. त्यामुळे प्रवासाची सुरुवात बँकॉकमधून झाली.

बुधवार, बँकॉक

बँकॉकचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी आणि मंगळवारी बंद असते, म्हणून प्रवासाचे वारच त्या बेताने धरले होते. तेथील एका दालनात राजघराण्याच्या अंत्ययात्रेचे रथ ठेवलेले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा, महाविजय राजरथ, थायलंडच्या पहिला राम या राजाने आपल्या वडिलांच्या अंत्यविधीसाठी 1795 मध्ये करवून घेतला. तो सागवानाचा असून त्यावर सोन्याचा वर्ख आणि रंगीत काचकाम आहे. उंची 11 मीटरांहून अधिक आणि वजन सुमारे 13.7 टन. राजा भूमिबोल यांच्या अंत्ययात्रेत, ऑक्टोबर 2017 मध्ये, शेकडो सैनिकांनी तो ओढला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे लाकूड आजही भार पेलते, ही गोष्ट मामांना त्या सोन्यापेक्षा महत्त्वाची वाटली. ते बराच वेळ रथाच्या चाकांजवळ वाकून उभे होते.

याच संग्रहालयात वात सुथात या मंदिराच्या दाराची जुनी फळी आहे. दुसरा राम (कारकीर्द 1809 ते 1824) हा राजा स्वतः कोरीव काम करणारा होता आणि त्या दारांवर त्याचा हात फिरलेला आहे. आगीची झळ लागल्यानंतर ही दारे संग्रहालयात आली. त्यावर अरण्य कोरलेले आहे: वेली, पाने, फांद्या, पक्षी आणि प्राणी एकमेकांमागे थरांनी दडलेले. सर्वांत वरच्या थराची पाने जवळजवळ सुटी झाली आहेत आणि त्यांच्या खालून पटाशी आत घालून मागचा प्राणी कोरला आहे. मामा म्हणाले, “अगं, वरचं पान न तुटता खालचं कोरायचं, तर एकाच हत्याराने होत नाही. यासाठी त्याने वाकड्या पात्याच्या पटाश्या मुद्दाम घडवून घेतल्या असणार.” जळलेल्या कडेमुळे त्या खोलीचा अंदाज अधिक स्पष्ट येतो.

दुपारी वात सुथातलाही गेलो. या मंदिराचे बांधकाम 1807 मध्ये सुरू झाले, म्हणजे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा पुरा होत होता त्याच सुमारास. मंदिरासमोर तांबड्या रंगाचा उंच झोपाळा आहे. पहिल्या रामाच्या काळात, 1784 मध्ये, तो ब्राह्मणी विधींसाठी उभारला गेला आणि त्यावर झोके घेण्याचा विधी 1935 पर्यंत चालू होता. आज उभी असलेली चौकट 2007 ची. उत्तरेकडील फ्रे प्रांतातून आणलेल्या सागाच्या झाडांची. लाकूड कुजले की नवे लाकूड आणायचे, पण वस्तू तीच मानायची, ही रीत येथेच प्रथम लक्षात आली आणि पुढे पट्टायाला ती फार उपयोगी पडली.

गुरुवार, समुत प्राकान आणि पट्टायाचा रस्ता

पट्टायाचा लाकडी प्रासाद ज्यांच्या कल्पनेतून निघाला, ते लेक विरियाफान (1914 ते 2000) हे थाई उद्योगपती. त्यांनी त्याआधी बँकॉकजवळच्या समुत प्राकान प्रांतात मुआंग बोरान, म्हणजे प्राचीन नगरी, वसवली. थायलंडच्या नकाशाच्या आकारात आखलेल्या विस्तीर्ण जागेत देशभरातल्या प्रासादांच्या, मंदिरांच्या आणि घरांच्या प्रतिकृती आहेत, आणि काही मूळ लाकडी इमारती जागच्या जागी उकलून येथे आणून पुन्हा जोडलेल्या आहेत. ही नगरी 1972 मध्ये लोकांसाठी खुली झाली. स्कायट्रेनने सुखुम्वित मार्गावरच्या खेहा या शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन पुढे गाडीने पोहोचता येते. आत सायकली भाड्याने मिळतात. मामांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली.

सानफेत प्रासात ही अयुथ्थया या जुन्या राजधानीतल्या राजवाड्याची पुनर्रचना पाहण्यासाठी आम्ही बराच वेळ थांबलो. मूळ वास्तू 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने शहर जाळले तेव्हा नष्ट झाली. आमच्याकडे शनिवारवाड्याचे तेच झाले: 1828 च्या आगीत वरचे सगळे लाकूडकाम गेले आणि दगडी जोते उरले. आपण ते जोते जपले. थाई माणसाने जळालेली वास्तू पुन्हा उभी केली. यांतले अधिक योग्य काय, यावर इतिहासाचे अभ्यासक दीर्घकाळ वाद घालतील. मला मात्र एका गोष्टीचा हेवा वाटला. नवी वास्तू उभारायची म्हटली, की जुनी विद्या हातात असलेले कारागीर लागतात, त्यांना काम मिळते आणि ती विद्या पुढच्या पिढीकडे जाते.

संध्याकाळी बँकॉकमधल्या एकामाई बसस्थानकावरून पट्टायाची बस पकडली. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. रस्ता उत्तम होता आणि आम्ही दोघेही झोपलो.

शुक्रवार, प्रासादात

सकाळी आठच्या सुमारास दार उघडते तेव्हाच पोहोचावे. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या माणसाचे तिकीट 500 बाटचे होते. ही पूजेचे भाव जपणारी वास्तू असल्यामुळे गुडघे आणि खांदे झाकलेले असावे लागतात. तोकडे कपडे घातलेल्यांना कमरेला गुंडाळायला वस्त्र दिले जाते. त्यानंतर प्रत्येकाच्या डोक्यावर बांधकामावरचा कडक टोप चढतो, कारण ही इमारत अजून चालू बांधकाम आहे. काही सहप्रवाशांना छायाचित्रे बिघडतात म्हणून तो नको होता, पण आत गेल्यावर वर पाहिले की परांच्या बांधलेल्या दिसतात, त्यांवर माणसे काम करत असतात आणि टोपाचे कारण आपोआप कळते.

प्रवेशद्वारातून पुढे गेले की एका उंच सज्जातून प्रथम सगळी इमारत समोर आणि किंचित खाली दिसते, तिच्या मागे समुद्र. तेथून जिन्याने खाली उतरावे लागते. ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण जवळ गेल्यावर इमारत एकदम पूर्ण दिसणे शक्यच नसते. नजर प्रत्येक आकृतीत अडकते. चार दिशांना चार मोठी दालने, मध्ये उंच मनोरा, चारही दालनांवर शिखरे. त्या शिखरांवर चार देवता आहेत: एकीच्या हातात कमळ, एकीच्या हातात ग्रंथ, एकीच्या हातात कबुतर, आणि एक देवता बालकाला घेऊन वृद्धाचा हात धरून चाललेली. धर्म, ज्ञान, शांती आणि जीवन अशी त्यांची संगती मार्गदर्शक मुलीने सांगितली. मार्गदर्शकासोबत गटाने फिरण्याची सोय तिकिटातच असते आणि ती टाळू नये. मात्र गटाची फेरी संपल्यावर बाहेर न पडता पुन्हा एकटे फिरावे.

दालनांच्या मागचा विचार सात कर्त्यांचा आहे. आकाश, पृथ्वी, पिता, माता, चंद्र, सूर्य आणि तारे या सातांवाचून माणूस जन्मत नाही आणि जगत नाही, हे विरियाफान यांना लाकडात मांडायचे होते. त्यासाठी त्यांनी थाई, ख्मेर, चिनी आणि भारतीय अशा चार परंपरांच्या मूर्ती एका छपराखाली आणल्या. उत्तरेच्या दालनात करुणेची देवता क्वान यिन आणि इतर बोधिसत्त्व आहेत. दक्षिणेला सूर्य, चंद्र आणि ग्रह. पूर्वेला आईवडील आणि कुटुंब. समुद्राच्या बाजूला, पश्चिमेला, पृथ्वी, आप, तेज आणि वायू. ब्रह्मा, विष्णू, महेश आणि गणपती यांच्या मूर्ती पाहून आपल्याकडची माणसे थबकतात, हात जोडतात आणि लगेच ओळखीच्या खुणा शोधू लागतात. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका कुटुंबातील आजींनी गणपतीसमोर डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हटले. चेहरा थाई आहे, मुकुट थाई आहे, सोंडेचे वळणही आपल्या मूर्तिकारांहून वेगळे आहे, तरी त्यांना परके काही वाटले नाही.

मामांचे लक्ष मूर्तींपेक्षा सांध्यांकडे होते. या इमारतीच्या मूळ रचनेत लोखंडी खिळे नाहीत. एका तुळईचे टोक निमुळते कापून ते दुसरीच्या खाचेत बसवायचे आणि आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची, ही आपल्याकडच्या वाड्यांची आणि देवळांची रीत येथे शंभर मीटर उंचीपर्यंत नेली आहे. लाकूड पावसात फुगते आणि उन्हात आकसते. लोखंडी खिळा तसा हलत नाही, शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजतो आणि गंजताना भोवतालचे लाकूड फोडतो. लाकडी खुंटी मात्र लाकडाबरोबरच फुगते आणि आकसते. मामा एका खांबाजवळ मला घेऊन गेले आणि म्हणाले, “इथं बोट फिरव.” खांबाच्या अंगावर वाटीएवढे गोल दिसत होते. त्या गोलातल्या रेषा खांबाच्या उभ्या रेषांना काटकोनात होत्या. ते खुंटीचे डोके होते, आणि नखसुद्धा जाऊ नये इतके ते घट्ट बसले होते.

लाकडांचे प्रकारही पाहण्यासारखे आहेत. सागवान कोरायला सोपे आणि तेलकट, म्हणून बारीक कामाला. भार पेलणाऱ्या जागी ताखियान आणि माय दाएंग अशी कठीण लाकडे. ताखियान झाडात एक स्त्रीरूप आत्मा वास करतो अशी थाई लोकांची श्रद्धा आहे. तोडलेल्या खोडालाही रंगीत वस्त्रे बांधलेली दिसतात. माय दाएंग हे आपल्याकडच्या जांभा या झाडाच्याच जातीचे, तांबूस आणि जड लाकूड. मामांनी त्याचा एक पडलेला तुकडा हातात तोलून पाहिला आणि त्यांना तो लगेच ओळखता आला.

आतून बाहेर, समुद्राच्या बाजूला आल्यावर या वास्तूचा खरा प्रश्न समोर येतो. बाहेरच्या भिंतींवरचे जुने काम राखाडी झाले आहे. खारा वारा, दुपारचे ऊन आणि पावसाळा यांनी मूर्तींच्या नाकांची धार बोथट केली आहे, मुकुटांत उभ्या भेगा पडल्या आहेत, काही बोटे गळून गेली आहेत. आणि त्याच भिंतीवर, हातभर अंतरावर, मधासारख्या पिवळ्या रंगाचे नवे लाकूड बसवलेले दिसते. पुष्कळ प्रवाशांना हे ठिगळ वाटते; “अजून पूर्ण झाले नाही तर आत कशाला सोडतात?” असे एक गृहस्थ मोठ्याने म्हणालेही. माझे मत वेगळे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला सागवानी फासळ्या आहेत आणि त्या सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या, त्या डोंगराच्या पोटात कोरड्या सावलीत आहेत म्हणून. हाच साग समुद्राच्या टोकावर उघड्यावर उभा केला, तर तो झिजणारच. हे ठाऊक असताना येथे लाकूडच निवडले आहे. सिमेंटमध्ये साचे ओतून ही वास्तू कधीच पुरी झाली असती, पण मग तिला रोज हात लावणाऱ्या कारागिरांची गरज उरली नसती.

दुपारी थाई नृत्याचा कार्यक्रम झाला. तो चांगला होता, पण थोडक्यात उरकला. आवारात घोडागाडी, नौकाविहार आणि थाई पोशाख भाड्याने घेऊन छायाचित्रे काढण्याची सोयही आहे. मुले बरोबर असतील तर या गोष्टींचा उपयोग होतो. आम्ही त्यांत वेळ घातला नाही.

शनिवार, कोरीव कामाच्या छपराखाली

प्रासादाशेजारीच कारागिरांचे छप्पर आहे आणि प्रवाशांना तेथे उभे राहून काम पाहता येते. आदल्या दिवशी गटाबरोबर आम्ही तेथून घाईने गेलो होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून थेट तेथेच गेलो. या प्रवासातील सर्वांत भरलेले तास तेच ठरले.

छपराखाली लांबच्या लांब फळ्या तिवयांवर आडव्या ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक फळीजवळ एक माणूस. कारागिरांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, ही गोष्ट आपल्याकडचे सुतारकाम पाहिलेल्या माणसाच्या चटकन नजरेत भरते. आम्ही ज्या बाईंजवळ थांबलो त्या एका अप्सरेच्या कमरेखालच्या वस्त्राचे काम करत होत्या. फळीवर कागदी नकाशा चिकटवलेला होता आणि त्याच्या रेषांवरून आधी सरळ पटाशीने उभे काप घेतलेले होते. आता त्या अर्धगोल पात्याच्या पटाशीने वस्त्राच्या चुण्यांमधला खोलगट भाग काढत होत्या. डाव्या मुठीत पटाशी, करंगळीची कड लाकडाला टेकलेली, उजव्या हातात आखूड लाकडी हातोडा. तीन हलके ठोके, मग पात्याचा कोन जरासा बदलायचा, पुन्हा तीन. प्रत्येक ठोक्याला एक पातळ ढलपी वळत वर यायची आणि गळून पडायची. मध्येच लाकडाची रेषा उलटी फिरली, तशी त्यांनी जागा न बदलता पटाशी दुसऱ्या हातात घेतली आणि समोरच्या बाजूने काप सुरू केला. मामा पुटपुटले, “दोन्ही हातांनी सारखं काम करता येतं हिला. आमच्याकडे असा एकच होता, माझा गुरू.”

एकमेकांची भाषा कोणालाच येत नव्हती. तरीही मामांनी आपल्या हाताचे घट्टे दाखवले, बाई हसल्या, त्यांनी आपले दाखवले आणि शेजारचा एक रिकामा लाकडाचा तुकडा व पटाशी पुढे केली. मामांनी अर्ध्या तासात त्यावर केळफूल कोरले. आपल्या वाड्यांच्या हस्तांवर, म्हणजे छपराला आधार देणाऱ्या कोरीव लाकडांवर, आणि खांबांच्या माथ्यांवर दिसते तसे, पाकळ्या खाली झुकलेले. ते पाहून आजूबाजूचे दोघेतिघे कारागीर आले. त्यांच्यापैकी एकाने खडूने फळीवर कमळाची थाई पाकळी काढून दाखवली: टोकाला ती ज्वाळेसारखी वर उचललेली असते. आपली पाकळी खाली वाकते, त्यांची वर उठते. एवढाच फरक, पण दोन्ही पाकळ्या शेजारी ठेवल्या की कोणते काम कोठले, हे लांबून कळते.

छपराच्या मागच्या अंगाला प्रासादावरून उतरवलेले जुने तुकडे ठेवलेले होते. एका देवतेचा अर्धा चेहरा, नागाची फणा, महिरपीचा भाग. त्यांतली वरची बाजू कुजलेली आणि भिंतीला लागून असलेली मागची बाजू शाबूत असल्याचे मामांनी दाखवले. पाणी वरून मुरते, लाकडाच्या उभ्या टोकातून आत जाते आणि तेथेच साचते. म्हणून मुकुट आणि बोटे सर्वांत आधी जातात. नवा तुकडा बसवताना जुन्या तुकड्यावरून माप घेतले जाते, पण तो तंतोतंत जुन्यासारखा निघतोच असे नाही. नव्या कारागिराच्या हाताचे वळण त्यात उतरते. एका ओळीत बसलेल्या पाच अप्सरांचे ओठ निरखले, तर पाच माणसांचे हात ओळखू येतात.

विश्रामबागवाड्याचे कोरीव दर्शनी लाकूडकाम आपल्याकडे अजून उभे आहे. 1879 च्या आगीत त्याचा काही भाग जळाला होता आणि नंतर पुन्हा बांधला गेला. मामांना मी विचारले, की उद्या त्यातला एखादा हस्त कुजला तर तो तसाच्या तसा कोरून देणारे किती जण आज सापडतील. त्यांनी बोटांवर मोजून काही नावे घेतली. सगळे साठीच्या पुढचे होते. मग त्यांनी आपणहून सांगितले, की गावी परतल्यावर शेजारच्या दोन मुलांना, आणि त्यांच्या बहिणीला यायचे असेल तर तिलाही, रविवारी पटाशी धरायला शिकवणार आहेत. आधी केळफूल, मग महिरप. लाकूड शिसवाचे द्यायचे की सागाचे, याचा विचार ते बसस्थानकापर्यंत करत होते आणि शेवटी सागाचेच पक्के झाले, कारण शिकणाऱ्याच्या चुका साग पोटात घालतो.